पाव एकराला किती वारा लागतो?

ऑक्टोबर लागला की न्यू जर्सीतल्या ओळखीच्या मराठी घरांतून मला एकच प्रश्न येऊ लागतो, ‘काकू, ब्लोअर कुठला घेऊ?’ विचारणारी जोडपी बहुधा नुकतीच अपार्टमेंट सोडून स्वतःच्या घरात आलेली असतात. मे-जूनमध्ये घर बघताना मागच्या ओकच्या गर्द सावलीवर ती खूश झालेली असतात. आता तोच ओक दिवसरात्र पानं टाकत असतो. प्रश्न माझ्याकडे येतो, कारण माझं शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं, आणि अमेरिकेत येण्याआधी मी चिंचवडच्या एका कारखान्यात औद्योगिक पंख्यांच्या चाचण्या घेत असे. भट्टीला हवा पुरवणारा पंखा असो की पानं ढकलणारा, हवेचे नियम तेच. दुकानातल्या खोक्यांवर छापलेल्या आकड्यांमधून नेमकं काय घ्यायचं आणि काय सोडून द्यायचं, ते एकदा नीट सांगावं असं बरेच दिवस मनात आहे.

आधी काम केवढं आहे ते बघू. इथल्या उपनगरात पाव एकराचं आवार अगदी नेहमीचं. पाव एकर म्हणजे आपल्या हिशोबात दहा गुंठे. त्यातून घर, गाडीचा रस्ता आणि मागचा लाकडी डेक वजा केला तरी सहा-सात गुंठे हिरवळ उरते. मेपलची पानं ऑक्टोबरच्या मध्यावर गळायला लागतात. ती पातळ आणि हलकी असतात, साध्या वाऱ्यानेही सरकतात. खरा दांडगा गडी ओक. रेड ओक हा न्यू जर्सीचा राज्यवृक्ष, तेव्हा तो कुणाच्या ना कुणाच्या आवारात असायचाच. त्याचं पान जाड, चिवट, उशिरा गळणारं. थँक्सगिव्हिंग उलटून डिसेंबर लागला तरी ओक रिकामा होत नाही. पिन ओकसारखी काही झाडं वाळलेली पानं अख्खा हिवाळा फांदीवरच धरून ठेवतात आणि वसंतात सोडतात. म्हणजे हे एका रविवारी उरकण्यासारखं काम नाही. सहा-आठ आठवडे, पुन्हा पुन्हा करायचं काम आहे. यंत्र निवडताना हीच गोष्ट सगळ्यात आधी ध्यानात ठेवायची. तास-दीड तास हातात धरवत नाही असं जोरदार यंत्र दुसऱ्या आठवड्यापासून गॅरेजमध्ये पडून राहतं.

आता खोक्याकडे वळू. ठळक अक्षरात दोन आकडे असतात. एक सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा बाहेर पडते. दुसरा मैल ताशी, म्हणजे ती हवा तोंडाशी किती वेगाने निघते. विकणाऱ्याला वेगाचा आकडा फार प्रिय. ‘ताशी २५० मैल’ वाचलं की घेणाऱ्याला वाटतं, आता पानांची काय बिशाद! पण वेग वाढवणं सोपं असतं. नळीचं तोंड अरुंद केलं की तेवढीच हवा जास्त वेगाने बाहेर येते. प्रश्न असा आहे की ती पानापर्यंत पोचते का.

मोकळ्या हवेत सोडलेला झोत पुढे सरकताना आजूबाजूची स्थिर हवा आपल्यात ओढून घेतो, रुंद होत जातो आणि त्याचा वेग उतरत जातो. गोल तोंडातून निघालेल्या झोताचा ढोबळ नियम असा : तोंडाच्या व्यासाच्या साधारण सहापट अंतरापर्यंत मधला वेग टिकतो, तिथून पुढे अंतर दुप्पट झालं की वेग निम्मा होतो. तीन इंच व्यासाच्या तोंडातून ताशी १५० मैलांनी निघालेली हवा दहा फुटांवर पोचते तेव्हा तिचा वेग ताशी वीस-बावीस मैलांच्या आसपास उरलेला असतो. तोंड दोन इंचांचं असेल तर त्याच अंतरावर पंधराच्या आसपास. रुंद तोंडातून भरपूर हवा सोडणारं यंत्र म्हणूनच लांबवर पानं ढकलतं, आणि अरुंद तोंडाचं वेगवान यंत्र पायाजवळ जोर करून पुढे विरून जातं. हिरवळीवर तुम्हाला पानांचा दहा-बारा फूट रुंद पट्टा एकत्र हलवायचा असतो. तिथे सीएफएम कामाला येतो. वेग लागतो तो ओल्या, फरशीला चिकटलेल्या पानांना आणि विटांच्या फटीत अडकलेल्या कचऱ्याला.

या दोन आकड्यांत आणखी एक गोम आहे. कित्येकदा सर्वाधिक सीएफएम एका नोझलवर मोजलेला असतो आणि सर्वाधिक वेग दुसऱ्या, अरुंद नोझलवर. दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत, खोक्यावर मात्र शेजारी शेजारी छापलेले असतात. म्हणून मी विचारणाऱ्याला तिसरा आकडा शोधायला सांगते : न्यूटन. झोत किती बलाने ढकलतो याचं हे माप. अमेरिकेत त्यासाठी ठरलेली प्रमाण चाचणी आहे, आणि दर सेकंदाला निघणाऱ्या हवेचं वस्तुमान आणि तिचा वेग यांचा गुणाकार त्यात आपोआप येतो. हा आकडा खोक्यावर बारीक अक्षरात, कधी नुसता माहितीपुस्तिकेत असतो, पण शोधला की सापडतो. पाव एकराच्या आवाराला पंधरा ते वीस न्यूटन भरपूर झाले. वीस न्यूटन म्हणजे साधारण दोन किलो वजनाइतका रेटा, आणि तो उलट दिशेने तुमच्या मनगटावरही येत असतो. अंगण लहान असेल, एखादंच झाड असेल, तर दहा-बारातही काम भागतं. अर्ध्या एकराच्या पुढे आणि चार-पाच मोठे ओक असतील, तर वीसच्या वर जावं आणि यंत्र पाठीवर अडकवायचं घ्यावं.

हवा ढकलणारा आतला पंखा दोन प्रकारचा असतो. छताच्या पंख्यासारखा सरळ पुढे हवा लोटणारा अक्षीय पंखा भरपूर हवा देतो आणि नळीच्या रांगेत बसत असल्याने यंत्र सडपातळ, हातात तोललेलं राहतं. दुसरा गोगलगायीसारख्या गोल घरट्यात फिरणारा अपकेंद्री पंखा. तो हवा कडेला फेकतो आणि दाब जास्त देतो. पानं ओढून, चिरडून पिशवीत भरणाऱ्या यंत्रांत हाच असतो. पिशवीवाली यंत्रं मला फारशी पटलेली नाहीत. फुलांच्या वाफ्यातली, खडीवरची पानं उचलायला ठीक, पण सहा-सात गुंठ्यांवर त्यांनी पानं गोळा करायला बसलात तर दिवस मावळेल. घ्यायचंच झालं तर आतलं चक्र धातूचं आहे ना ते बघा. प्लास्टिकचं पातं एखाद्या काटकीने सहज फुटतं.

चालवायचं कशावर, हा पुढचा प्रश्न, आणि यंत्र निवडताना माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा.

तारेवरचा ब्लोअर स्वस्त पडतो, साधारण पन्नास ते शंभर डॉलरमध्ये मिळतो. वजनाला हलका, चार्जिंगची भानगड नाही, आणि बारा अँपियरचा असेल तर जवळजवळ चौदाशे वॉट खेचतो, म्हणजे जोरही चांगला. अडचण तारेची. शंभर फूट तार लागणार असेल तर ती चौदा गेजची किंवा त्याहून जाड हवी. गेजचा आकडा जितका लहान, तार तितकी जाड. दिव्याच्या माळांसाठी आणलेली बारीक तार लावली की तार तापते, व्होल्टेज पडतं आणि मोटर धापा टाकते. शिवाय झाडाला, कुंडीला, गाडीच्या चाकाला तार अडकत राहते आणि दर वेळी मागे फिरावं लागतं. टाउनहाऊससमोरचं चिमुकलं अंगण असेल तर मी बिनधास्त तारेवरचाच घ्या म्हणते.

पेट्रोलवरचा हातात धरायचा ब्लोअर बहुधा टू-स्ट्रोक असतो. ज्यांनी जुनी बजाज स्कूटर चालवली आहे त्यांना हे इंजिन वेगळं सांगायला नको. पंपावर पेट्रोलसोबत टूटी ऑइल मोजून घालायचं आणि मागे निळसर धूर सोडत जायचं. इथेही तेच. एक गॅलन पेट्रोलला अडीच औंसांहून थोडं जास्त तेल, म्हणजे पन्नासास एक. त्या इंजिनात ताजं इंधन आत येणं आणि जळालेला वायू बाहेर जाणं एकाच वेळी होतं, त्यामुळे पेट्रोलचा मोठा हिस्सा न जळताच बाहेर पडतो. कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाचा हिशोब असा की व्यावसायिक पेट्रोल ब्लोअर तासभर चालवला तर धुरकं तयार करणारं जेवढं प्रदूषण होतं, तेवढं टोयोटा कॅमरी ११०० मैल चालवून होतं. ११०० मैल म्हणजे लॉस एंजेलिस ते डेन्व्हर. रस्त्यावरच्या गाड्या स्वच्छ करायला जगाने तीस-चाळीस वर्षं खपून काम केलं आणि अंगणातल्या या लहान इंजिनाकडे लक्षच दिलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्यावर आवाज. डेसिबलचं माप सरळ चढत नाही. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. ब्लोअरवर छापलेला आकडा पन्नास फुटांवरून मोजलेला असतो. बॅटरीचे ब्लोअर साधारण साठ ते पासष्टच्या घरात, पेट्रोलचे सत्तरच्या पुढे. पण चालवणाऱ्याचा कान पन्नास फुटांवर नसतो, हातभरावर असतो. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या, नायॉशच्या मते ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास ही मर्यादा, आणि पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होत जाते. शंभर डेसिबलला पंधरा मिनिटं. पेट्रोल ब्लोअर धरणाऱ्याच्या कानाशी शंभराच्या आसपास आवाज सहज असतो. त्यातली खालच्या पट्टीची घरघर भिंतीतून, बंद खिडकीतून आत शिरते. शेजारच्या घरात रात्रपाळी करून झोपलेली नर्स असेल, तान्हं मूल असेल, त्यांना ती टळत नाही. बॅटरीच्या ब्लोअरची शीळ उंच पट्टीतली असते, ती अंतराबरोबर लवकर विरते. तरी कानात बोळे किंवा कानावर कव्हर हवंच, बॅटरीचा असला तरी.

लोकांनी याविरुद्ध आवाज उठवला तो काही आज नव्हे. कॅलिफोर्नियातल्या कार्मेल-बाय-द-सी गावाने १९७५ मध्येच ब्लोअरवर बंदी घातली. वॉशिंग्टन डीसीत २०२२ पासून पेट्रोलचे ब्लोअर चालत नाहीत. कॅलिफोर्निया राज्याने २०२१ मध्ये कायदा केला आणि २०२४ पासून बनणाऱ्या नव्या बागकामाच्या यंत्रांना पेट्रोल इंजिनाची दारं बंद केली. जुनं यंत्र असेल ते वापरता येतं. न्यू जर्सीत राज्याचा एक नियम नाही, गावागणिक वेगळा आहे. मेपलवुडने २०२३ पासून वर्षभराची बंदी घातली, प्रिन्स्टनमध्ये वसंत आणि पानगळीतले ठरावीक आठवडेच पेट्रोल ब्लोअरला मोकळे आहेत. तेव्हा खरेदीआधी आपल्या टाउनशिपच्या संकेतस्थळावर नियम आणि वेळा बघून घ्याव्यात. दोनशे डॉलरचं यंत्र घेऊन आल्यावर शेजाऱ्याने नियम दाखवावा, ही वेळ कशाला आणायची?

हे सगळं धरून, पाव एकराच्या घराला माझं उत्तर बॅटरी हेच आहे. फक्त तिथेही आकडे नीट वाचायचे. व्होल्टवर जाऊ नका. २० व्होल्ट मॅक्स लिहिलेली आणि १८ व्होल्ट लिहिलेली बॅटरी आतून एकच असते. पूर्ण चार्ज झाल्या क्षणी २०, काम करताना १८. बघायचा तो साठा, वॉट-अवर. व्होल्ट गुणिले अँपियर-अवर की तो मिळतो. ४० व्होल्ट, ४ अँपियर-अवर म्हणजे १६०. ५६ व्होल्ट, ५ अँपियर-अवर म्हणजे २८०. मध्यम ब्लोअर पूर्ण जोरात सातशे-आठशे वॉट खातो, म्हणजे २८० ची बॅटरी वीस-बावीस मिनिटांत रिकामी. जाहिरातीत ‘७५ मिनिटं’ असं काही दिसलं तर समजा, ती सगळ्यात खालच्या वेगावर मोजलेली आहेत.

इथे माझ्या जुन्या कारखान्यातला एक नियम सांगते, तो लक्षात ठेवलात तर बॅटरीची निम्मी तक्रार संपेल. पंख्याचा वेग आणि त्याला लागणारी वीज यांचं नातं घनाचं असतं. वेग ऐंशी टक्क्यांवर आणला की वीज जवळजवळ निम्मी लागते, पण झोताचं बल चौसष्ट टक्के शिल्लक राहतं. कोरडी मेपलची पानं असतील तर तेवढं बल पुरेसं असतं, आणि बॅटरी दुप्पट चालते. टर्बोचं बटण फक्त अवघड जागी, क्षण-दोन क्षण दाबायचं. त्यासाठी ट्रिगर कमी-जास्त दाबता येणारा हवा. नुसते दोन टप्पे असलेला ब्लोअर घेऊ नका.

बॅटरीची आणखी एक गोष्ट म्हणजे कुटुंब. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला बसत नाही. घरात आधीच गवत कापायचं किंवा कडा छाटायचं बॅटरीचं यंत्र असेल, तर त्याच कुटुंबातला नुसता ब्लोअर बॅटरीशिवाय घ्यावा. पैसे बरेच वाचतात, कारण किमतीचा मोठा भाग बॅटरीचाच असतो. बॅटरी आणि चार्जरसकट चांगला ब्लोअर दीडशेपासून साडेतीनशे डॉलरपर्यंत जातो. डिसेंबरच्या थंडीत लिथियमच्या बॅटरीचा दम कमी होतो आणि गोठणबिंदूच्या खाली ती चार्ज करणं तिला बाधतं, म्हणून तिचा मुक्काम गॅरेजमध्ये नको, घरात हवा. पेट्रोलवाल्यांनाही हिवाळ्याची काळजी आहेच. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, टाकीत महिनोन्‌महिने राहिलं तर कार्ब्युरेटर चोंदतो. हंगाम संपला की टाकी रिकामी करावी लागते.

दुकानात गेलात की ब्लोअर हातात धरून बघा, आणि तो बॅटरीसकट धरा. मांडणीत ठेवलेल्या नमुन्याला बहुतेक वेळा बॅटरी लावलेली नसते, आणि तीच किलो-दीड किलोची असते. हात सरळ खाली सोडून यंत्र धरायचं. नळीचं तोंड आपोआप जमिनीकडे थोडं झुकायला हवं. ते वर उठत असेल किंवा मनगट सतत मुरडून खाली दाबावं लागत असेल, तर ते यंत्र सोडून द्या. मोठी बॅटरी लावलेलं यंत्र चार-साडेचार किलोच्या घरात जातं. भारतातून आलेले आई-बाबा घरी असतील आणि हौसेने त्यांनाच हे काम करायचं असेल, (आणि असतंच!) तर खांद्याचा पट्टा मिळतो तो अवश्य घ्या.

चालवण्याची रीत थोडक्यात सांगते. दव वाळल्यावर, अकरानंतर सुरू करा. ओकच्या ओल्या पानाजवळ वाकून बघा म्हणजे कारण कळेल. त्याची कड डांबराला चिकटून बसलेली असते, वरून हवा गेली की पान आणखी दाबलं जातं. तिथे वरून झोत सोडून उपयोग नाही. तोंड जमिनीलगत आडवं धरून हवा कडेखाली शिरली की पान देठाकडून उचललं जातं, आणि एक उठलं की त्याच्या मागची पाच-दहा सुटतात. उठत नसतील तर रेक, म्हणजे आपलं दाताळं, घ्या आणि मोकळे व्हा. वाऱ्याची दिशा बघा आणि वाऱ्याबरोबर चला. घराच्या भिंतीपासून बाहेर, कडेपासून मध्याकडे. हिरवळीवर जुनी ताडपत्री पसरा, पानं तिच्यावर ढकला, चारी टोकं धरून ओढत न्या. पिशव्या भरत बसण्यापेक्षा हे कितीतरी झटपट होतं. पानं रस्त्याकडेला ठेवायची तर पावसाच्या गटाराच्या जाळीपासून किमान दहा फूट लांब, आणि टाउनशिपच्या गाडीच्या तारखेआधी सात दिवसांत. हा इथला नियम आहे, आणि त्याला कारण आहे. जाळी तुंबली की पहिल्या जोराच्या पावसात रस्ता तळं होतो, आणि कुजलेल्या पानांतलं फॉस्फरस ओढ्यात जाऊन शेवाळ माजवतं.

दिवाळीही याच दिवसांत येते. दारातली पानं सकाळीच काढून घ्यावी म्हणजे संध्याकाळी रांगोळीला जागा स्वच्छ मिळते. पुढे जानेवारीत भुरभुरीत, कोरडा इंच-दोन इंच बर्फ पायऱ्यांवर आणि गाडीवर साचतो, तोही याच ब्लोअरने क्षणात उडतो. ओल्या बर्फापुढे मात्र फावडंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, निदान मला तसं वाटतं. सगळी पानं काढायची नसतातच. माझं माहेर देवरुखजवळचं. तिथे पातेरा, म्हणजे पडलेला पाचोळा, कुणी टाकून देत नसे. भाताच्या रोपांची जागा भाजायला, म्हणजे भाजावळीला जायचा, नाहीतर कलमांच्या आळ्यात. इथे लोक पानं पिशव्यांत भरून देतात आणि वसंतात पैसे मोजून पिशव्यांतून खत आणतात. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी वर्षानुवर्षं करून बघितलं आहे की गवत कापायच्या यंत्राने पानं बारीक करून हिरवळीतच सोडली तर गवताचं काही बिघडत नाही. पानांचा पातळ थर असेल तर ब्लोअरला हातही लावू नका, यंत्राच्या दोन फेऱ्या मारा. जाड थर साचला, गवत दिसेनासं झालं, तेव्हा ब्लोअर.

आणि झाडांच्या बुंध्याशी, झुडपांखाली, मागच्या कुंपणालगत पानं तशीच राहू द्यावीत. जुलैच्या संध्याकाळी इथल्या अंगणात काजवे चमकतात, भंडारदऱ्याला आपण मुद्दाम बघायला जातो तसे. त्यांच्या अळ्या ओलसर माती आणि पाचोळ्यात वाढतात. लूना नावाचा फिकट हिरवा, लांब शेपटीचा देखणा पतंग पानात गुंडाळलेल्या कोशात हिवाळा काढतो. सगळं आवार नोव्हेंबरमध्ये ब्लोअरने खरवडून काढायचं आणि जुलैत मुलांना काजवे दाखवायला मिळत नाहीत म्हणून हळहळायचं, हे बरोबर नाही. झर्सिस सोसायटी ही कीटकांसाठी काम करणारी संस्था पानं राहू द्या म्हणून गेली काही वर्षं कळकळीने सांगते आहे. एक काळजी मात्र घ्यायची. लाइम रोग पसरवणारे टिक म्हणजे गोचीड पाचोळ्यातच राहतात, आणि न्यू जर्सीत हा रोग भरपूर आहे. म्हणून पानं मुलांच्या खेळायच्या जागेपासून आणि घराच्या भिंतीपासून दूर ठेवा, आणि हिरवळ नि झाडी यांच्या मध्ये तीन फुटांचा लाकडाच्या ढलप्यांचा पट्टा टाका. पानांत काम करून आलात की पोटऱ्या, गुडघ्यामागची जागा आणि केसांची मुळं तपासा.

महाराष्ट्रातूनही हल्ली विचारणा होते. पुण्या-नाशिकच्या बंगल्यांसाठी पाच-सातशे वॉटचे छोटे ब्लोअर तिकडे सर्रास मिळतात. फरशीसाठी, एसीची जाळी साफ करायला ते चांगले. पण आपल्याकडचं अंगण बहुतेक मातीचं, आणि फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या पानगळीत ब्लोअर लावला की पानांआधी धूळ उडते आणि शेजारच्या घरात जाते. तिथे पाणी शिंपडून खराटाच बरा. जाळायची तर मुळीच नाहीत. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच दंड लावला आहे. पुण्यात अदिती देवधर यांच्या ‘ब्राऊन लीफ’ उपक्रमातून वाळकी पानं नकोशी असणारे आणि हवीशी असणारे एकमेकांना सापडतात. आपली पोती तिकडे द्यावीत.

शेवटी एक विनंती. इथल्या बऱ्याच मराठी घरांत पानं आपण काढत नाही, लँडस्केपरची माणसं येऊन काढतात. मेक्सिको, ग्वाटेमालातून आलेली ही माणसं पाठीवर पेट्रोलचं इंजिन घेऊन दिवसभर एका आवारातून दुसऱ्यात जातात. आपण दहा मिनिटं खिडकी लावून घेतो, त्यांच्या कानाशी आणि नाकाशी तो आवाज नि धूर आठ-आठ तास असतो. कितीतरी जणांच्या कानावर कव्हर नसतं. तुमच्या घरी येणाऱ्या कंत्राटदाराला विचारा की बॅटरीची यंत्रं आहेत का, नसतील तर थोडे जास्त पैसे घेऊन आणाल का, आणि माणसांना कानाची कव्हरं देता का. मागच्या कुंपणालगतची पानं राहू द्या हेही सांगा, त्याचं काम तेवढंच कमी होईल. बहुतेक करार मार्च-एप्रिलमध्ये ठरतात. हे बोलणं तेव्हाच करून घ्या, नोव्हेंबरात त्याला ऐकायला सवड नसते.